अँटिमायक्रोबियल पेप्टाइडची एमआयसी काढताय? आधी प्लेट उलटी करून बघा

एमआयसी म्हणजे बॅक्टेरियाची वाढ थांबवणारी कमीत कमी तीव्रता; ती प्लेटच्या छोट्या खड्ड्यांत, म्हणजे वेल्समध्ये, बॅक्टेरिया लावून काढतात, आणि ते वाढले की वेल गढूळ होते. डिझर्टेशनचा सीझन आला की मला ठरलेला मेसेज येतो, ताई पेप्टाइड कामच करत नाहीये, सगळ्या वेल्स गढूळ आल्यात, माल खराब आला असेल का. मी उलट एकच विचारते, प्लेट कुठली वापरलीस? बहुतेक वेळा उत्तर येतं, नेहमीचीच, कपाटात होती ती. तिथेच घोळ असतो.

हे मी ठामपणे सांगते कारण माझे स्वतःचे तीन आठवडे यातच गेलेत. एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरला एलएल-३७ हे माणसाच्या अंगात असणारं पेप्टाइड मागवलं होतं, एक मिलिग्रॅम, त्यासाठी मॅडमनी दुसऱ्या कामातून पैसे वळवले होते, आणि मी ते नेहमीच्या काचेसारख्या पारदर्शक ९६ वेलच्या प्लेटमध्ये लावलं. पहिल्या वेलपासून शेवटच्या वेलपर्यंत ई. कोलाय मस्त वाढलेला. परत लावलं, परत तेच. मॅडम म्हणाल्या पेप्टाइड गेलं बहुतेक. मग शेजारच्या लॅबमधल्या एका सीनियरने माझी प्लेट हातात घेतली, उलटी केली आणि खालचा त्रिकोणातला आकडा दाखवला, ६. म्हणजे पॉलिस्टायरीन. तिने तिच्या ड्रॉवरमधून एक दुधाळ, जरा धुरकट दिसणारी प्लेट दिली, तिच्यावर ५ होता, पॉलिप्रॉपिलीन. त्याच उरलेल्या स्टॉकने दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिलिटरला १६ मायक्रोग्रॅमपासून वरच्या सगळ्या वेल्स स्वच्छ पाण्यासारख्या! त्या दिवसापासून मी ही पद्धत जो विचारेल त्याला सांगत आलेय, आज सगळी एकदाच लिहून काढते.

पण आधी ही पेप्टाइड्स अंगात काय करतात ते समजून घ्या, कारण लॅबमधली प्रत्येक स्टेप त्याच्यातूनच निघते आणि ते कळलं की पाठ करायची गरज उरत नाही.

आपली जन्मजात प्रतिकारशक्ती असते ना, म्हणजे अँटिबॉडी तयार व्हायला जे दिवसचे दिवस लागतात त्याच्या आधी जी कामाला लागते ती, तिच्या हातातलं हे एक जुनं हत्यार. लहान लहान प्रोटीनचे तुकडे, साधारण १० ते ५० अमिनो ॲसिडचे. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये अल्फा डिफेन्सिन नावाची पेप्टाइड्स भरून ठेवलेली असतात, आतड्यात पॅनेथ पेशी सोडतात, त्वचेत आणि श्वासनलिकेच्या अस्तरात बीटा डिफेन्सिन असतात. आणि एलएल-३७ हे माणसातलं एकुलतं एक कॅथेलिसिडिन (हे अशा पेप्टाइड्सचं दुसरं घराणं), ३७ अमिनो ॲसिडचं, सुरुवातीला दोन ल्युसीन म्हणून एलएल. ते मोठ्या प्रोटीनच्या रूपात साठवलेलं असतं आणि गरज पडली की कापून मोकळं होतं. ते बॅक्टेरिया तर मारतंच, शिवाय इतर पांढऱ्या पेशींना त्या जागी बोलावून घेतं आणि जखम भरायलाही हातभार लावतं.

हे नसेल तर काय होतं याचं एक उदाहरण मला कायम आठवतं. कोस्टमन नावाचा एक दुर्मिळ आजार आहे, त्यात जन्मापासून न्यूट्रोफिल जवळजवळ नसतात. औषध देऊन न्यूट्रोफिलची संख्या वाढवता येते, आकडा बरा दिसायला लागतो, पण या पेशंटच्या हिरड्या तरी खराब होत राहतात. २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की त्या परत आलेल्या न्यूट्रोफिलमध्ये एलएल-३७ नसतं. पेशी आहेत पण हत्यार नाही, आणि तोंडातले बॅक्टेरिया तेवढी फट बरोबर शोधतात.

बेडकाची गोष्ट तर बहुतेकांना माहीत असेल, मायकेल झॅसलॉफ यांच्या लक्षात आलं की ऑपरेशन केलेले आफ्रिकन बेडूक घाण पाण्यात सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नाहीत, त्यातून १९८७ मध्ये मॅगेनिन सापडलं, हिब्रूत ढालीला जो शब्द आहे त्यावरून नाव. आपल्या सह्याद्रीतल्या बेडकाचंही नाव या यादीत आहे बरं का. हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा, २०१५ मध्ये वेगळी प्रजाती म्हणून ज्या टीमने त्याचं वर्णन केलं त्यात पुण्याचे अभ्यासक होते. त्याच्या त्वचेतून निघालेलं उरुमिन २०१७ मध्ये फ्लूच्या एच१ प्रकारच्या व्हायरसवर चालताना दिसलं, केरळातल्या उरुमी या लवचिक तलवारीवरून ते नाव ठेवलंय.

आता मुद्द्याची गोष्ट. यातल्या बहुतेक पेप्टाइड्सवर पॉझिटिव्ह चार्ज असतो. एलएल-३७ मध्ये लायसिन आणि आर्जिनिन मिळून ११, आणि निगेटिव्ह अमिनो ॲसिड ५, म्हणजे निव्वळ अधिक ६. बॅक्टेरियाचं मेम्ब्रेन बाहेरून निगेटिव्ह, तिथे फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल, कार्डिओलिपिन अशी निगेटिव्ह लिपिड्स, ई. कोलायसारखा ग्राम निगेटिव्ह असेल तर वर लिपोपॉलिसॅकराइडचा थर. आपल्या लाल पेशीची बाहेरची बाजू जवळपास न्यूट्रल आणि वर कोलेस्टेरॉलने घट्ट केलेली. म्हणून पेप्टाइड तिकडे ओढलं जातं, मेम्ब्रेनमध्ये घुसतं, भोकं पाडतं, आणि आपल्या पेशी बऱ्यापैकी वाचतात. पण पेप्टाइडला काय, समोर बॅक्टेरिया आहे की प्लास्टिक हे त्याला कळत नाही. निगेटिव्ह दिसलं की चिकटलं, तेलकट दिसलं की चिकटलं. पॉलिस्टायरीनला चिकटतं, काचेला चिकटतं, आगारला चिकटतं. तुमचं सगळं काम म्हणजे त्याला बॅक्टेरियापर्यंत सुखरूप पोचवणं.

सुरुवात पावडरपासून. व्हायल आली की लगेच उघडू नका, फ्रीझरमधून काढलेली असेल तर अर्धा तास बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पावडर हवेतली ओल ओढून घेते. मग सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा, कारण ही पावडर कापसासारखी हलकी असते आणि स्टॅटिकने झाकणाला चिकटून बसते, उघडताना उडाली तर गेली.

मग वजनाचा हिशोब, इथे फार जण फसतात. लेबलवर शुद्धता ९५ टक्के लिहिलेली असते म्हणजे १ मिलिग्रॅममध्ये ०.९५ पेप्टाइड, असं नसतं. ती शुद्धता फक्त इतर पेप्टाइड्सच्या तुलनेत असते. सिंथेटिक पेप्टाइड बहुतेक वेळा टीएफए सॉल्ट म्हणून येतं, प्रत्येक पॉझिटिव्ह जागेवर एकेक ट्रायफ्लुरोॲसिटेट बसलेलं. एलएल-३७ चं करून बघा, ११ साइड चेन आणि एक सुरुवातीचा अमिनो ग्रुप, झाले १२, प्रत्येकी ११४ म्हणजे १३६८, पेप्टाइडचं स्वतःचं वजन साधारण ४४९३, एकूण ५८६१. म्हणजे पावडरमध्ये पेप्टाइड फार तर ७७ टक्के, थोडं पाणी धरलं की ७५ धरा. सर्टिफिकेटवर नेट पेप्टाइड कंटेंट दिलेला असेल तर तोच आकडा घ्या, नसेल तर मेल करून मागा, विचारायला लाजू नका. हा हिशोब चुकला तर एमआयसी पाव भागाने चुकते आणि दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी तुलना करता येत नाही.

१ मिलिग्रॅम पावडर म्हणजे ७५० मायक्रोग्रॅम पेप्टाइड धरलं तर ५८६ मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी घाला, मिलिलिटरला १२८० मायक्रोग्रॅम होतं. फॉस्फेट बफरमध्ये थेट विरघळवू नका, काही पेप्टाइड्स तिथेच गुठळ्या धरतात. हलक्या हाताने फिरवा, व्होर्टेक्सवर फेस आणू नका. लगेच छोट्या छोट्या भागांत वाटून उणे २० किंवा उणे ८० ला ठेवा आणि एकदा वितळवलेला भाग परत गोठवू नका. ट्यूब्ज पॉलिप्रॉपिलीनच्याच, नेहमीच्या छोट्या मायक्रोसेंट्रिफ्यूज ट्यूब्ज बहुतेक त्याच असतात पण खात्री करा.

आता डायल्यूशन. यासाठी जो द्राव लागतो तो म्हणजे ०.०१ टक्के ॲसेटिक ॲसिड आणि त्यात ०.२ टक्के बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन. ॲसिडमुळे पेप्टाइड विरघळलेलं राहतं आणि बीएसए प्लास्टिकवर आधीच जाऊन बसतं म्हणजे पेप्टाइडला चिकटायला जागा कमी. व्हॅनकुव्हरच्या रॉबर्ट हॅनकॉक यांच्या लॅबने ही पद्धत बसवली आणि मला तरी यापेक्षा भरवशाची दुसरी मिळालेली नाही. याचाच दुप्पट तीव्रतेचा द्राव पण थोडा करून ठेवा, म्हणजे ०.०२ टक्के ॲसिड, ०.४ टक्के बीएसए. १२८० चा स्टॉक आणि दुप्पट द्राव समसमान मिसळले की ६४० होतं, आणि तिथून पुढे साध्या द्रावात अर्धं अर्धं करत दहा ट्यूब्ज, ६४०, ३२०, १६० असं करत १.२५ पर्यंत. प्रत्येक ट्यूबला नवी टिप, हे कंटाळवाणं आहे पण जुनी टिप वापरली तर तिच्या आतल्या बाजूला चिकटलेलं पेप्टाइड पुढच्या ट्यूबमध्ये उतरतं आणि खालचे आकडे सगळे खोटे येतात.

प्लेटमध्ये प्रत्येक वेलमध्ये यातलं ११ मायक्रोलिटर टाकायचं आणि वरून १०० मायक्रोलिटर बॅक्टेरिया. म्हणजे शेवटची तीव्रता दहाव्या हिश्श्याच्या आसपास, ६४ पासून ०.१२५ पर्यंत दहा कॉलम. अकराव्या कॉलममध्ये पेप्टाइड नसलेला फक्त द्राव आणि बॅक्टेरिया, तो तुमचा वाढीचा कंट्रोल, इथे वाढ आली नाही तर बॅक्टेरिया तुमच्या ॲसिडने मेलेत असं समजा आणि प्लेट बाद करा. बारावा कॉलम नुसता मीडिया, तो स्वच्छच राहिला पाहिजे.

बॅक्टेरिया आदल्या रात्री लावलेल्या ताज्या आगार प्लेटवरून घ्या, चार पाच कॉलनी सलाइनमध्ये मिसळून ०.५ मॅकफार्लंडएवढा गढूळपणा आणा, स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर ६२५ नॅनोमीटरला ०.०८ ते ०.१३. हे झाले मिलिलिटरला साधारण दहा कोटी. यातलं ५० मायक्रोलिटर १० मिलिलिटर म्युलर हिंटन ब्रॉथमध्ये टाकलं की पाच लाख होतात, आपल्याला तेवढेच हवेत. अर्ध्या तासाच्या आत प्लेटमध्ये टाकून मोकळे व्हा, कारण ई. कोलाय थांबत नाही, तुम्ही चहाला गेलात की तो दुप्पट. आणि संख्या खरंच पाच लाख होती का ते बघा: वाढीच्या कंट्रोलमधून लगेच १० मायक्रोलिटर काढा, १० मिलिलिटर सलाइनमध्ये टाका, त्यातलं १०० मायक्रोलिटर आगारवर पसरवा, उद्या ५० च्या आसपास कॉलनी दिसल्या पाहिजेत. अँटिबायोटिकपेक्षा इथे हे जास्त महत्त्वाचं आहे कारण पेप्टाइडचे रेणू मेम्ब्रेनवर खर्च होतात, बॅक्टेरिया दहापट असतील तर पेप्टाइड पुरत नाही आणि एमआयसी वर चढते.

३५ ते ३७ डिग्रीला १६ ते २० तास ठेवा, हलवायचं नाही. ई. कोलायसाठी एटीसीसी या संग्रहातला २५९२२ नंबरचा स्ट्रेन आणि स्टॅफ ऑरियससाठी २९२१३ घेतलेत तर तुमचे आकडे जगाशी जुळवून बघता येतात. सोबत एका ओळीत कोलिस्टिन हे अँटिबायोटिक लावाच, ते पण पेप्टाइडच आहे, बॅक्टेरियाने बनवलेलं, आणि २५९२२ वर त्याची एमआयसी ०.२५ ते २ च्या मध्ये आली पाहिजे. फक्त कोलिस्टिन सल्फेट घ्या. इंजेक्शनच्या व्हायलमध्ये असतं ते मीथेनसल्फोनेट, ते अंगात जाऊन मग कोलिस्टिन होतं, प्लेटमध्ये त्याचा आकडा कसाही येतो. मेडिकलमधून इंजेक्शन आणून लावलेलं पाहिलंय मी.

सकाळी प्लेट काळ्या कागदावर धरून बघा. दुधाळ प्लेटमध्ये गढूळपणा ओळखणं जरा कठीण जातं, म्हणून वरून न बघता उजेडासमोर तिरकी धरा, वेलच्या तळाशी पांढरा ठिपका बसलेला दिसतो. जिथून पुढे ठिपका नाही ती सगळ्यात कमी तीव्रता म्हणजे एमआयसी. तीन वेगवेगळ्या दिवशी करा, एका दिवशी तीन ओळी लावून ते तीन वेळा झालं असं म्हणू नका. एका पायरीचा फरक, म्हणजे ८ च्या जागी १६, हा या पद्धतीत चालतो, त्याने घाबरू नका.

कधी कधी वरच्या तीव्रतेच्या वेल्सच गढूळ दिसतात आणि मधल्या स्वच्छ असतात. तो बॅक्टेरिया नसतो, पेप्टाइड आणि मीडियातले घटक मिळून साका बसलेला असतो. स्वच्छ आणि संशयास्पद, दोन्ही वेल्समधून १० मायक्रोलिटर आगारवर टाका. यातून मारक तीव्रता पण मिळते, पाच लाखाच्या हिशोबाने १० मायक्रोलिटरमध्ये सुरुवातीला ५००० बॅक्टेरिया होते, ९९.९ टक्के मेले तर जास्तीत जास्त पाच कॉलनी दिसतील. पेप्टाइडमध्ये एमआयसी आणि मारक तीव्रता बहुतेक जवळजवळ येतात कारण मेम्ब्रेन फुटलं की संपलंच, नुसती वाढ थांबवून ठेवण्याचा प्रकार कमी.

डिस्क डिफ्यूजनबद्दल प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतं, सर झोन दिसला पाहिजे म्हणतात. झोन येणार नाही किंवा एवढासा येईल. आगारमध्ये निगेटिव्ह सल्फेट असतात, पेप्टाइड डिस्कच्या कडेलाच अडकतं. कोलिस्टिनसाठी सुद्धा २०१६ मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या दोन्ही मानक ठरवणाऱ्या संस्थांनी मिळून ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच करा असं सांगितलं, डिस्कवर विसंबू नका म्हणून. झोन हवाच असेल तर आगारच्या जागी कमी चार्जचं ॲगरोज वापरून त्यात खड्डे पाडून करतात, तो वेगळा प्रकार आहे. झोन छोटा आला म्हणून पेप्टाइड कमजोर असं मात्र थिसिसमध्ये कृपा करून लिहू नका.

मीठ आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमचं पण बघा. लिपोपॉलिसॅकराइडचे रेणू एकमेकांना या दोन आयनांनीच बांधलेले असतात, पेप्टाइडला तीच जागा पटकवायची असते. मीडियात ते जास्त असले की पेप्टाइडला जागा मिळत नाही. म्हणून कुठला ब्रॉथ, त्यात कॅल्शियम मॅग्नेशियम ॲडजस्ट केलेलं होतं का, हे लिहून ठेवल्याशिवाय एमआयसीच्या आकड्याला काही अर्थ नाही. रक्तात तर आणखीच अवघड, मीठ आहे, शिवाय एलएल-३७ ला ॲपोलिपोप्रोटीन ए-१ धरून ठेवतं. शरीराला हे चालतं कारण न्यूट्रोफिल गिळलेल्या बॅक्टेरियावर त्या बंद पिशवीतच पेप्टाइड ओततो, तिथे तीव्रता प्रचंड असते. आपण आख्ख्या ब्रॉथमध्ये पसरून टाकतो. एक प्लेट साध्या ब्रॉथमध्ये, एक १५० मिलिमोलर जादा मीठ घालून आणि एक १० टक्के सीरम घालून लावली तर तुमचं पेप्टाइड खऱ्या अंगात टिकेल का याचा अंदाज येतो, आणि माझ्या मते डिझर्टेशनमधला सगळ्यात वाचण्यासारखा टेबल तोच असतो.

शेवटी लाल पेशींची टेस्ट, ही सोडू नका. बॅक्टेरिया मारणारं पेप्टाइड मिळणं कठीण नाही, मधमाशीच्या विषातलं मेलिटिन पण मारतं, पण ते आपल्या पेशी पण फोडतं. बहुविस्तारा बेडकाच्या बाबतीतही तेच झालं, फ्लूवर चाललेली काही पेप्टाइड्स माणसाच्या लाल पेशींना घातक निघाली, उरुमिन निघालं नाही म्हणून ते पुढे गेलं. डिफिब्रिनेटेड, म्हणजे गोठणार नाही असं केलेलं मेंढीचं रक्त घ्या, माणसाचं वापरायचं तर एथिक्स कमिटीची परवानगी आधी. पेशी फॉस्फेट बफरने तीन वेळा धुवा, वरचं पाणी बिनरंगी होईपर्यंत, मग ४ टक्के सस्पेन्शन करून त्याच पॉलिप्रॉपिलीनमध्ये पेप्टाइडसोबत ३७ डिग्रीला एक तास. फिरवून वरचा भाग दुसऱ्या साध्या पारदर्शक प्लेटमध्ये घ्या, इथे पॉलिस्टायरीन चालतं, आता फक्त रंग मोजायचाय, ५४० नॅनोमीटरला. ट्रायटन या डिटर्जंटने पूर्ण फोडलेल्या पेशी म्हणजे १००, नुसता बफर म्हणजे शून्य. एमआयसीच्या कमीत कमी दहापट तीव्रतेपर्यंत लावा, १६ ला बॅक्टेरिया मरतात आणि ३२ ला लाल पेशी फुटतात असं पेप्टाइड घेऊन कुठे जाणार?

बजेट नसेल तर हात बसवायला नायसिन घ्या, लॅक्टोकॉकस लॅक्टिसपासून मिळतं, चीज वगैरेमध्ये परवानगी असलेलं प्रिझर्व्हेटिव्ह आहे, स्वस्त मिळतं. बाजारातल्या पावडरमध्ये बहुतेक वेळा फक्त २.५ टक्के नायसिन असतं आणि बाकी मीठ आणि दुधाचे घन पदार्थ, म्हणजे वजनाचा हिशोब इथेही आलाच. ते आम्लात चांगलं विरघळतं. स्टॅफ ऑरियस किंवा मायक्रोकॉकसवर लावा, ई. कोलायवर काही दिसणार नाही कारण बाहेरचं मेम्ब्रेन त्याला आत येऊ देत नाही, त्यात थोडं ईडीटीए घातलं की कॅल्शियम मॅग्नेशियम निघून जातं आणि मग चालायला लागतं. हे एकदा करून बघाच, वरचा मॅग्नेशियमचा सगळा परिच्छेद दोन ओळींच्या प्लेटमध्ये डोळ्यांनी दिसतो.

प्लेट मागवताना ऑर्डरमध्ये पॉलिप्रॉपिलीन, गोल तळ, निर्जंतुक आणि कोटिंग नसलेली हे चारही शब्द लिहा. बॉक्स आला की सील फोडायच्या आधी आकडा बघून घ्या, ५ आहे ना.